पडद्याखाली दोन ओळी द्या, माणूस परका राहत नाही

जपानमध्ये राहणाऱ्या परदेशी माणसाला सिनेमाला जायचं असेल तर आधी वेळापत्रकात दोन शब्द शोधावे लागतात. 'जिमाकु' म्हणजे मूळ आवाज आणि खाली जपानी अक्षरं. 'फुकिकाए' म्हणजे जपानीत डब. इंग्रजी येणाऱ्याने हॉलिवूडपटाचा जिमाकु खेळ धरला की काम झालं. पण जपानी सिनेमा बघायचा तर पंचाईत! त्याला इंग्रजी अक्षरं क्वचितच असतात. दोन हजार येनच्या आसपास तिकीट काढायचं आणि नुसती चित्रं बघून घरी यायचं.

आता उलट बाजू बघा. २१ ऑक्टोबर २०२२ ला 'आरआरआर' जपानमध्ये लागला. तिथे तेलुगू कोणाला येतं? खाली जपानी अक्षरं होती, तेवढ्यावर लोक पुन्हा पुन्हा गेले. सिनेमा महिनोन्महिने चालला, कमाई दोनशे कोटी येनच्या वर गेली. त्याआधी १९९८ मध्ये रजनीकांतच्या 'मुथू'नेही टोकियोला असंच वेड लावलं होतं.

हे जपानचं पुराण वरोरमध्ये कशाला, असं विचाराल. कारण असा परका प्रेक्षक आपल्याकडेही आहे. डहाणू-तलासरीत घरोघरी मांगेली, वारली, गुजराती, हिंदी बोलतात. मराठी सिनेमाचा विषय निघाला की शेजारचा गुजराती भाऊ म्हणतो, "आपल्याला काय समजणार!" कानाने कमी ऐकणारे काका तर थिएटरची पायरीच चढत नाहीत. बऱ्याच मराठी सिनेमांना सबटायटल असतात, पण इंग्रजीत. आपल्या पट्ट्यात इंग्रजी वाचता वाचता हसणारे किती जण आहेत?

काही जण म्हणतील, अक्षरांमुळे चित्रावरचं लक्ष उडतं. अहो, मोबाईलवर रोज अक्षरं वाचतच व्हिडिओ बघतो ना आपण? आणि हे काही नवीन खूळ नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, मुका. त्याची गोष्ट पडद्यावरच्या पाट्यांनीच सांगितली, त्याही एकाहून अधिक भाषांत. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने ऐकू न येणाऱ्या आणि न दिसणाऱ्या प्रेक्षकांसाठी थिएटरमध्ये सोयी करायची मार्गदर्शक तत्त्वंही काढली आहेत. कागदावर आलंय, आता पडद्यावर यायला हवं.

माझं म्हणणं साधं आहे. मराठी सिनेमाला मराठी आणि हिंदी अक्षरांचे निदान काही खेळ ठेवा, आणि कुठला खेळ कसा ते तिकीट काढायच्या आधी कळू द्या. ज्या आजीला वाचता येत नाही, तिला नात वाचून सांगेल.

मराठी सिनेमाला प्रेक्षक नाही म्हणून आपण रडतो. पण दारात उभ्या असलेल्याला आत घ्यायला दोन ओळी पुरतात. गावातल्या मंडळांनीही पुढच्या वेळी पडदा लावाल तेव्हा अक्षरं असलेला सिनेमा निवडा. मग बघा, पहिल्या रांगेत कोण कोण येऊन बसतं ते!