मुखत्यार धनी होऊं पाहतो!

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, दिल्लीच्या पार्लमेंटांत तुम्ही मतें देऊन माणसें पाठवितां. तेथें गेल्यावर बहुमताच्या जोरावर कांहीं मंडळी बोलूं लागतात कीं, लोकांनीं आम्हांस निवडलें, तेव्हां आम्ही करूं तो कायदा आणि आम्ही बदलूं ती घटना. पुष्कळांना हें खरेंही वाटतें. पण विचार करा. तुम्ही भावाला मुखत्यारपत्र लिहून दिलें, तर तो कागदांत लिहिलेलें काम करील; सारा भरील, कोर्टांत उभा राहील. पण त्याच कागदावर खाडाखोड करून तो सातबाऱ्याला स्वतःचें नांव लावूं लागला, तर तुम्ही गप्प बसाल काय?

घटना हें रयतेनें दिलेलें मुखत्यारपत्र आहे. पार्लमेंटानें मूलभूत हक्क हिरावणारा कायदा करूं नये, असें तिचें १३ वें कलम सांगतें. शेतीचा विषय राज्यांचा, असें सातवी अनुसूची सांगते. घटना दुरुस्त करावयाची तर प्रत्येक सभागृहांत एकूण सभासदांचें बहुमत आणि मत देणारांपैकीं दोनतृतीयांशांचा पाठिंबा पाहिजे, असें ३६८ वें कलम सांगतें. कांहीं बाबतींत निम्म्या राज्यांची संमतीही लागते.

आतां आपल्यांतलेच कांहीं म्हणतील, हे बांध शेटजी-भटजींच्याच कामीं आले! ही तक्रार खोटी नाहीं. मद्रासेंत ब्राह्मणेतर पक्षाच्या अमदानींत सुरू झालेली जातवार जागांची वांटणी १९५१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मूलभूत हक्कांच्या नांवानेंच मोडली. जमीनदारही त्याच हक्कांचा आडोसा घेऊन कोर्टांत धांवले. तेव्हां त्याच वर्षीं पार्लमेंटानें पहिली घटनादुरुस्ती केली. मागासलेल्या वर्गांसाठीं खास तरतुदी करण्याची वाट मोकळी झाली, आणि १९४८ चा मुंबई कूळकायदा नवव्या अनुसूचींत घालून कुळांना ढाल मिळाली. म्हणून दुरुस्तीची सत्ता पार्लमेंटाला हवीच.

पण घर शाकारणें वेगळें आणि आढें-खांब उपटणें वेगळें. केरळांतील एडनीर मठाचे स्वामी केशवानंद भारती मठाच्या जमिनीसाठीं कोर्टांत गेले. २४ एप्रिल १९७३ रोजीं तेरांपैकीं सात न्यायाधीशांनीं ठरविलें कीं, पार्लमेंट घटनेचें कोणतेंही कलम बदलूं शकेल, पण तिची मूळ चौकट मोडूं शकणार नाहीं. केरळच्या जमीनसुधारणेच्या कायद्यांना संरक्षण देणारी दुरुस्ती मात्र कोर्टानें कायम ठेवली. मठाला हवें तें मिळालें नाहीं. रयतेला बांध मिळाला.

त्या बांधाची गरज लवकरच पडली. १९७५ सालीं आणीबाणींत, विरोधी पुढारी तुरुंगांत असतां, पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या आवांक्याबाहेर नेणारी दुरुस्ती झाली. १९७६ सालीं बेचाळिसाव्या दुरुस्तीनें पार्लमेंटानें लिहून टाकलें कीं, आमच्या दुरुस्तीच्या सत्तेला मर्यादाच नाहीं. मुखत्यारानें आपल्याच सहीनें स्वतःला धनी केलें! १९८० सालीं मिनर्व्हा मिल्सच्या खटल्यांत तें कलम रद्द झालें.

म्हणून काय कोर्टाला देव्हाऱ्यांत बसवावें? मुळींच नाहीं. १९७६ सालीं ह्याच कोर्टानें निकाल दिला कीं, आणीबाणींत कोंडलेल्या माणसाला सुटकेसाठीं कोर्टाचें दारही ठोठावतां येणार नाहीं. पांचांपैकीं एकटे न्यायमूर्ति खन्ना विरुद्ध गेले. पगारी पहारेकरीही झोपतो, हें ध्यानांत धरा.

अगदीं अलीकडचें पाहा. सप्टेंबर २०२० मध्यें तीन शेतीकायदे आले. शेतीचा विषय राज्यांचा असतां, व्यापाराच्या नांवाखालीं ते दिल्लींत केले. राज्यसभेंत विरोधकांनीं मतें मोजण्याची मागणी केली. तरी २० सप्टेंबर रोजीं दोन विधेयकें आवाजी मतानेंच पास झालीं. शेतकऱ्याच्या दाण्याचा सवाल, आणि कोण बाजूला, कोण विरुद्ध, हेंही मोजलें नाहीं! शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर ठाण मांडून बसले, तेव्हां नोव्हेंबर २०२१ मध्यें तेच कायदे, चर्चेवांचूनच, मागें घेतले गेले.

बांध कागदावर आंखला म्हणजे टिकतो असें नाहीं. दरसाल मालकाला त्याच्यावर माती घालावी लागते. ह्या राज्याचे मालक पार्लमेंटही नव्हे आणि कोर्टही नव्हे. घटना आरंभींच लोकांच्या नांवानें बोलते, ते लोक तुम्ही. खासदार गांवांत आला म्हणजे त्याला हार घालण्याआधीं विचारा: हा विषय तुमच्या अधिकारांत होता काय? मतें मोजलीं काय? तुम्ही कोणत्या बाजूला हात वर केला? त्याला उत्तर देतां आलें नाहीं, तर पुढच्या खेपेस मुखत्यारपत्र दुसऱ्याच्या नांवानें लिहा. तो अधिकार अजून तुमच्याच अंगठ्यांत आहे.