औदार्याचा हिशेब

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' हा मुख्यतः विनोदी ग्रंथ आहे, ही मराठीच्या अध्यापनातली एक सोयीस्कर समजूत आहे. विक्षिप्त पती, सोशिक पत्नी, गमतीदार प्रसंग, घरगुती भाषा; उत्तर तयार. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या वर्गांतही हेच उत्तर वर्षानुवर्षे उतरवून घेतले जाते. नारायण वामन टिळक हातातले होते-नव्हते ते देऊन टाकीत, न सांगता माणसे घरी आणीत, याला आपण 'कवीची लहर' म्हणतो. आमचे म्हणणे असे की, ती लहर या ग्रंथाचा विषयच आहे आणि त्याला हात न लावता आपण साधेपणाची आरती ओवाळीत बसलो आहोत.

हात न लावण्याचे कारण उघड आहे. विषय ख्रिस्ती आहे. आमच्या भागात ख्रिस्ती घरे विरळ. त्यामुळे विद्यार्थ्याच्या मनात ख्रिस्ती औदार्य म्हणजे एकतर चित्रपटातला दयाळू पाद्री, नाहीतर धर्मांतराचे आमिष. दुसरी शंका अगदीच निराधार नाही. एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांत मिशनकडे वळलेल्यांमध्ये भुकेने वळलेलेही होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मग बालकवींचे काय करायचे? त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा तरुण अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिला, लक्ष्मीबाईंच्या हातचे जेवला, त्यांच्याकडून मुलासारखी माया घेतली आणि 1918 साली अपघाती मृत्यू येईपर्यंत हिंदूच राहिला. आमिष असते तर ते असे वाया कोण जाऊ देईल?

याहून अडचणीचा आक्षेप वेगळाच आहे. टिळकांचा देता हात 1895 च्या बाप्तिस्म्याने त्यांना मिळाला नाही. तो स्वभाव आधीचा. मग त्याला ख्रिस्ती गुण का म्हणावे? हा आक्षेप आम्हांला मान्य आहे, आणि म्हणूनच आम्ही म्हणतो की टिळकांकडून नजर काढून लक्ष्मीबाईंकडे पाहावे. त्या ज्या माहेरी वाढल्या, तेथे वडिलांच्या सोवळ्याने घर वेठीला धरले होते. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत यायची नाही. पतीच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. मग जातिभेदाचा विचार स्वतःशी करून, कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास हरकत नाही या निर्णयाला आल्या. त्यांचा बाप्तिस्मा 1900 चा, म्हणजे या निर्णयानंतरचा. या क्रमाकडे वर्गात कोणी लक्ष वेधल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

दान आपल्याकडे कधी कमी नव्हते. धान्य वरून ओंजळीत टाकता येते, शिवू न देता. देणाऱ्याचे पुण्य आणि घेणाऱ्याची पायरी, दोन्ही जागच्या जागी राहतात. फार तर भिंतीवर संगमरवरी पाटी लागते. लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात जे घडले, त्यात ही पायरी मोडली. शुभवर्तमानात येशू शिष्यांचे पाय धुतो, त्याचे रोजच्या संसारातले रूप आम्हांला याहून स्पष्ट मराठीत कोठे दिसले नाही. (मिशनच्या आवारातही जात पुष्कळ ठिकाणी शिल्लक राहिली, हे येथे सांगितलेच पाहिजे, धर्म बदलला म्हणजे पंगत आपोआप बदलते असे नाही.)

आणि हे परभणीच्या विद्यार्थ्याला परके का वाटावे? गंगाखेडची जनाबाई त्याच्या घरचीच. नामदेवांच्या घरातल्या या दासीचा देव तिच्याबरोबर दळायला बसतो. देणारा येथे खाली उतरून कष्टाला हात लावतो. टिळक स्वतः तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे गेले. जनाबाई आणि लक्ष्मीबाई शेजारी ठेवून शिकवल्या तर 'भक्तिसंप्रदाय' आणि 'ख्रिस्ती वाङ्मय' असे दोन वेगळे डबे करण्याची आपली सवय मोडेल. ती मोडायला हवी.

तरीही जात्यातला फरक विसरू नये. जनाबाईच्या जात्याला देवाचा हात लागला. लक्ष्मीबाईंच्या घरी पाहुणे टिळक आणीत आणि पिठाची सोय त्या पाहत. पतीच्या औदार्याची किंमत पत्नीच्या कष्टांतून वळती होते, ही गोष्ट संतचरित्रे सहसा सांगत नाहीत. तुकोबांच्या घरच्या आवलीला तर आपण कजाग ठरवून मोकळे झालो. लक्ष्मीबाई मात्र स्वतः लिहायला बसल्या. त्यांचा विनोद हा त्या किमतीचा हिशेब आहे. त्या टिळकांवर हसतात, चिडतात, प्रेमही करतात, पण रक्कम खोडत नाहीत. 'सोशिक पत्नी' या दोन शब्दांत तो सगळा हिशेब बुडतो. या ग्रंथावर प्रश्न काढणाऱ्या प्राध्यापक मित्रांना आमची विनंती एवढीच, की 'टिळकांचा विक्षिप्तपणा सोदाहरण स्पष्ट करा' हा प्रश्न आता रद्द करावा आणि त्या घरातला पाहुणा कोणाच्या वाट्याचे जेवला, हे विचारावे.