'ऊर्जा' या एका शब्दाविषयी



१९८२ च्या सागरी करारनाम्यात हवामानबदलाचा उल्लेख नाही, सबब तो कायदा या प्रश्नी निरुपयोगी, हे गतांकातील पत्रलेखकांचे विधान मला मान्य नाही. त्या करारनाम्याच्या पहिल्याच कलमात प्रदूषणाची जी व्याख्या आहे, तीत मनुष्याने समुद्रात सोडलेल्या पदार्थांबरोबर 'ऊर्जा' हाही शब्द आहे. आणि कर्बवायू पाण्यात मुरून त्याची आम्लता वाढवितो, तर त्याने अडविलेली उष्णता, म्हणजे ऊर्जाच, बहुतांशी समुद्रातच साठते, हे ध्यानी घेऊन हॅम्बुर्गच्या सागरी न्यायाधिकरणाने २१ मे २०२४ रोजी त्या वायूचे उत्सर्जन प्रदूषणच होय, असा एकमुखी अभिप्राय दिला. तो मागणाऱ्यांत, मोठ्या भरतीचे पाणी ज्याच्या अंगणात शिरते असा तुवालू हा द्वीपदेश होता! अभिप्राय बंधनकारक नाही, हे खरे. परंतु प्रदूषण रोखण्याचे मूळ कर्तव्य करारनाम्यातलेच आहे, आणि १९९५ साली त्यास मंजुरी देणाऱ्या आपल्या देशासही ते लागू आहे.

आपला,
एक वाचक