आपल्या गावाले पाहाले कोण येते?

मुलांनो, १२ जुलै २०२५ ची गोष्ट. शनिवार, म्हणजे सकाळची शाळा. परिपाठात बातम्या वाचून दाखवायची पाळी सातवीची होती. त्या दिवशीची बातमीही जोरदार होती. आदल्या दिवशी पॅरिसला युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीची बैठक झाली आणि मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नावं जागतिक वारसा यादीत आली. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे आपल्या राज्यातले अकरा, आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतून प्रश्न आला, "सर, या बारात आपल्या इकडला एक बी नाही?"

"नाही रे बाबा."

"मंग आपल्या गावाले पाहाले कोण येते? कोणीच नाही!"

"काऊन नाही? माहा मामा येते ना दिवाळीले!" दुसरा म्हणाला, आणि सगळा वर्ग हसला.

मीही हसलो. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. आपलं अंजनगाव सुर्जी एवढं मोठं तालुक्याचं गाव. बाहेरचा माणूस इथे येतो तो बाजाराला, कचेरीच्या कामाला, नाहीतर लग्नाला. गाव पाहायला म्हणून कोण येतो? आणि आलाच कोणी, तर आपण त्याला काय दाखवणार? आज याच प्रश्नाबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे.

यादीत नाव येणं म्हणजे काय?

आधी त्या यादीचं समजून घेऊ. युनेस्को ही संयुक्त राष्ट्रांची शिक्षण, विज्ञान आणि संस्कृती यांचं काम पाहणारी संस्था. साऱ्या जगाने जपावी अशी जी ठिकाणं आहेत, त्यांची ती यादी ठेवते. महाराष्ट्राची नावं तिच्यात फार आधीपासून आहेत. अजिंठा आणि वेरूळची लेणी १९८३ साली यादीत आली. घारापुरीची लेणी १९८७ साली. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ साली. २०१२ साली पश्चिम घाटाला मान मिळाला आणि त्यात आपलं कासचं फुलांचं पठार आलं. २०१८ साली मुंबईतल्या जुन्या देखण्या इमारती आल्या. आणि २०२५ साली हे किल्ले.

याच काळात आणखीही चांगल्या गोष्टी घडल्या. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर तुम्हाला माहीत आहे. आकाशातून उल्का आदळून तयार झालेलं ते खाऱ्या पाण्याचं सरोवर २०२० साली 'रामसर' यादीत गेलं. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची ती यादी. महाबळेश्वरजवळचं भिलार हे स्ट्रॉबेरी पिकवणारं गाव २०१७ साली 'पुस्तकांचं गाव' झालं. तिथे लोकांनी आपल्या घरात पुस्तकांची कपाटं ठेवली आहेत. कोणीही जावं, बसावं, वाचावं.

पण यादीत नाव आलं म्हणजे शर्यत जिंकून कप मिळाला असं समजू नका. कप कपाटात ठेवला की काम संपतं. इथे काम सुरू होतं. 'ही जागा आम्ही सांभाळू' असा शब्द देश जगाला देतो. शब्द पाळला नाही तर नाव खोडलंही जातं. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराजवळचं नदीचं खोरं असंच २००९ साली यादीतून काढलं. तिथे नदीवर मोठा पूल बांधला आणि खोऱ्याचं रूप बिघडलं म्हणून. इंग्लंडच्या लिव्हरपूल बंदराचं नाव २०२१ साली गेलं.

म्हणजे मान मिळवायचा आणि तो राखायचा, अशी ही दोन कामं. दुसरं जास्त अवघड.

शंभराची नोट

मुलं विचारतात, लोक फिरायला आले तर आपला काय फायदा? फायदा असा. समजा, नागपूरचं एक कुटुंब चिखलदऱ्याला आलं. ते परतवाड्याला उतरून चहा पितं. घाटात बाई सीताफळांची टोपली घेऊन बसली असेल, तर तिच्याकडून सीताफळं घेतं. मुक्कामाला खोली घेतं. मेळघाटचं जंगल पाहायला वाटाड्या घेतं. तो वाटाड्या तिथलाच कोरकू तरुण असतो. वाघाच्या पंजाचा ठसा कुठला आणि बिबट्याचा कुठला, हे त्याने आपल्या वडीलधाऱ्यांकडून शिकलेलं असतं. आता ते ज्ञान त्याला रोजगार देतं. चहावाला त्याच पैशातून दूध घेतो, दूधवाला पोराची वही घेतो. एक शंभराची नोट अशी दहा घरं फिरते.

आणि त्या नोटेपायी जंगलही राखलं जातं. मेळघाट हा महाराष्ट्रातला पहिला व्याघ्रप्रकल्प. १९७४ साली झाला. वाघ पाहायला माणसं येतात, म्हणून वाघ जिवंत राहणं हे आता वाटाड्याच्याही हिताचं आहे.

इतिहासाच्या पुस्तकातलं आपलं गाव

आता आपल्या गावाकडे वळू. 'सुर्जी-अंजनगावचा तह' हे नाव इतिहासाच्या पुस्तकात येतं. तारीख ३० डिसेंबर १८०३. त्या वर्षी इंग्रज आणि मराठे यांच्यात युद्ध चालू होतं. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला लढाई झाली. मग इंग्रज सैन्य आपल्या उत्तरेच्या डोंगरावरच्या गाविलगडाकडे वळलं. जड तोफा डोंगराच्या अवघड वाटांनी ओढून नेल्या आणि १५ डिसेंबरला गड घेतला. दोन दिवसांनी नागपूरकर भोसल्यांनी देवगावला तह केला. त्यानंतर शिंद्यांचा तह झाला तो आपल्या गावी. या तहाने दौलतराव शिंद्यांना गंगा-यमुनेमधला दुआबाचा मुलूख, भडोच, अहमदनगर असं पुष्कळ काही सोडावं लागलं.

इंग्रजांकडून हा तह करणारा सेनापती होता आर्थर वेलस्ली. त्यानेच पुढे १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला, आणि नंतर तो इंग्लंडचा पंतप्रधानही झाला. असा माणूस आपल्या गावी येऊन गेला!

हे सांगितल्यावर मुलं एकदम शांत झाली. मग एक मुलगी म्हणाली, "सर, आमी हे पाठ केलं होतं. पण ते अंजनगाव म्हणजे हे आपलंच, असं वाटलंच नाही."

मुलांनो, मला तिचं म्हणणं फार लागलं. चूक तिची नव्हती. आम्ही शिकवताना तारीख सांगितली, खिडकीबाहेर बोट दाखवलं नाही.

गाविलगडावर काय झालं

म्हणून त्याच हिवाळ्यात सहल ठरवली, गाविलगडाची. अहमदशहा बहामनीने १४२५ साली तो दगडात बांधून काढला. पूर्वी तिथे गवळ्यांची वस्ती होती, त्यावरून गाविलगड हे नाव. मोठमोठे दरवाजे, त्यांच्यावर कोरलेले प्राणी, तलाव, मशीद, तोफा. मुलं हरखून गेली.

गडावर चढण्याआधी मी नेहमीचं भाषण केलं. कचरा टाकायचा नाही. तटावर चढायचं नाही. भिंतीवर नाव तर मुळीच कोरायचं नाही. संरक्षित स्मारकाची नासधूस करणं हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही सांगितलं. मुलांनी माना डोलावल्या.

आणि तासाभराने एका कमानीखालून हाक आली, "सर, इकडे या! इथं तुमचं नाव हाये!"

मी गेलो. भिंतीच्या चुन्यावर खिळ्याने कोरलेलं होतं. माझं नाव, माझं आडनाव, इयत्ता सातवी. शेजारी कोणाकोणाची आणखी वीस-पंचवीस नावं.

खरं सांगतो, पहिल्यांदा मनात आलं की म्हणावं, 'या नावाचा दुसरा कोणी असेल.' पण चाळीस डोळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "हो. माझंच आहे. तुमच्याएवढा असताना सहलीला आलो होतो, तेव्हा कोरलं."

कोणी हसलं नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं. एक मुलगा हळूच म्हणाला, "मंग पुसून टाका ना सर."

"पुसलं जात नाही रे," मी म्हणालो. आणि ते खरंच होतं. पुसायला गेलो तर आणखी चुना निघेल, आणखी नुकसान होईल. अशी दुरुस्ती जाणकार माणसांनीच करायची असते. शेकडो वर्षांच्या भिंतीवर मी दोन मिनिटांत खिळा चालवला आणि आता मलाच ते मिटवता येत नाही. त्या दिवशी माझं भाषण वाया गेलं, पण त्या नावाने भाषणाचं काम केलं. परत येताना मुलांनी इतरांनी टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या वेचून दोन पोती भरली. मी सांगितलं नव्हतं.

शेंडगावचे बाबा

एस.टी.त बसल्यावर मी मुलांना गाडगेबाबांची आठवण दिली. त्यांचा जन्म आपल्याच तालुक्यातल्या शेंडगावचा, २३ फेब्रुवारी १८७६ चा. खराटा घेऊन बाबा गावोगाव हिंडले. ज्या गावात जायचं ते आधी झाडून काढायचं आणि रात्री कीर्तन करायचं, ही त्यांची रीत. पण बाबांनी आणखी एक काम केलं. पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा बांधवल्या. परगावी गेलेल्या गरीब माणसाला पाठ टेकायला जागा नसते, हे त्यांनी पाहिलं होतं.

आता विचार करा. प्रवाशाला काय लागतं? स्वच्छ जागा, प्यायला पाणी, रात्रीचा निवारा आणि गोड शब्द. 'पर्यटन' हा शब्द बाबांनी कधी उच्चारला असेल असं वाटत नाही. पण पाहुण्याला काय हवं, ते आपल्या तालुक्यात जन्मलेल्या या माणसाला नीट कळलं होतं. त्यांच्याच नावाने राज्यात २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. खराट्याने कचरा निघतो, मुलांनो. कोरलेलं नाव निघत नाही. म्हणून ते कोरूच नये.

मुलांची यादी

शाळेत आल्यावर मी फळ्यावर लिहिलं, 'पाहुणा आला तर काय दाखवाल?' युनेस्कोची यादी राहू द्या, आपली तर करू! आठ दिवस दिले.

एकाने तहाची गोष्ट लिहून आणली. एकाने शकुंतला रेल्वेची माहिती आणली. मूर्तिजापूर-अचलपूरची ही छोट्या रुळांची गाडी १९१३ साली सुरू झाली आणि आपल्या गावावरून जायची. वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत होतं. आता गाडी बंद आहे, पण आजोबांकडे तिच्या गोष्टी भरपूर आहेत.

आणि जी मुलगी वर्गात कधी बोलत नाही, तिने लिहून आणला आपल्या घरचा पानमळा. विड्याच्या पानांचे वेल आधाराच्या झाडांवर कसे चढवतात, त्यांना सावली आणि ओल सारखी कशी लागते. पानपिंपळीचे वेल कसे असतात, त्यांची हिरवी फळं तोडून उन्हात कशी वाळवतात आणि ती आयुर्वेदिक औषधांसाठी कशी जातात. सगळं तिच्या आजीने सांगितलेलं. मी या भागात वाढलो, पण त्यातलं अर्धं मला माहीत नव्हतं. वर्गाने तिला विचारलं, "आमाले पाहाले येऊ देशीन का?" ती म्हणाली, "या ना!"

पुढच्या शनिवारी आम्ही गेलो. तिच्या आजीने सगळ्यांना वेलाखाली बसवून गूळ-पाणी दिलं आणि पानं कशी खुडायची ते दाखवलं. आपल्या गावाला पाहायला पहिले पाहुणे आले होते, आणि ते आम्हीच होतो!

मुलांनो, मोठ्या याद्या करणारे मोठे लोक आहेत. ते त्यांचं काम करतील. पण गाव दाखवायला आधी गाव माहीत असावं लागतं, आणि ते तुमचं काम. या सुट्टीत एका वहीत आपल्या गावच्या पाच गोष्टी लिहा. जुनी विहीर, वेस, देऊळ, दर्गा, झाड, हस्तकला, काहीही चालेल. घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. नुसतं नाव नको, त्यामागची गोष्ट हवी.

आणि आई-बाबा, तुम्हालाही एक विनंती. मुलांना घेऊन किल्ल्यावर, लेण्यांत किंवा जंगलात जाल तेव्हा तिथलाच वाटाड्या घ्या, त्याला घासाघीस न करता पैसे द्या, आणि रिकाम्या बाटल्या पिशवीत घालून घरी आणा. पोराने खिळा किंवा दगड उचलला तर 'लहान आहे' म्हणून हसू नका. मीही लहानच होतो.

बरं, वही कुठे आहे? पहिली गोष्ट आजच लिहा. भेटू पुढच्या आठवड्यात.