राजाबाईंचं घड्याळ आणि समईचं तेल



चातुर्मासात आपलं सगळं लक्ष घड्याळाकडे. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची असतात ना! परवा त्याच घाईत लेकीला मुंबईच्या राजाबाई टॉवरची गोष्ट सांगितली.

प्रेमचंद रायचंद हे सुरतेच्या जैन घरातले, मुंबईच्या शेअर बाजारातले नामांकित दलाल. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाडातला कापूसही मुंबईलाच जायचा. त्या पैशावर मुंबईत नव्या नव्या कंपन्या निघाल्या, शेअर भडकले. त्या तेजीत, १८६४ साली, प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आईचं, राजाबाईंचं नाव दिलं. टोले ऐकून आईला दिवस असतानाच जेवता यावं, हाही हेतू होता असं सांगतात.

१८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले, बाजार बुडाला. प्रेमचंदांची बहुतेक कमाई गेली. दिलेलं दान तेवढं राहिलं. १८७८ साली मनोरा पूर्ण झाला, आजही उभा आहे.

लेक म्हणाली, "मग आई, विद्यापीठं श्रीमंतांनीच चालवावी. सरकारचा पैसा कशाला?"

मी म्हटलं, अगं, मंदिर बांधायला एखादा दाता पुरतो, पण समईत तेल रोज लागतं. प्राध्यापकांचा पगार, प्रयोगशाळा, वसतिगृह हे ते रोजचं तेल. ते बाजाराच्या तेजीवर सोडलं तर मंदीत दिवा विझणार. आणि कापसाचा भाव पडतो, त्याच वर्षी शेतकऱ्याच्या पोराला कमी फीची सगळ्यात जास्त गरज असते.

अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ चं, अमरावतीचं विद्यापीठ १९८३ चं. दोन्ही राज्य सरकारने काढली, म्हणून आपल्या गावखेड्यातली मुलं घराजवळ शिकू शकली. आज मात्र लेकीच्या कॉलेजात एका विषयाला कायमचे प्राध्यापक नाहीत. तासिका तत्त्वावरच्या मॅडम मन लावून शिकवतात, पण त्यांचं मानधन महिनोन्महिने अडकतं. अशाने तेल संपायला किती वेळ लागणार?

आहार, औषध, ज्ञान, अभय ही आपली चार दानं. ज्ञानदान आपण जरूर करूया. एखाद्या मुलीची फी भरूया, ग्रंथालयाला पुस्तकं देऊया. पण त्याने सरकारची जबाबदारी संपत नाही. आपण भरतो त्या करातही आपला वाटा आहेच. पुढच्या वेळी कोणी मत मागायला दारात आलं, की चहा द्या आणि विचारा, "प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा कधी भरणार?"