तारेतली दोन वाक्ये आणि विष्णुभटांचे बाड

१८५८ सालचा ऑगस्ट महिना. आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अशी अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेली तार नुकतीच सुरू झाली होती. बोटीने यायला आठवडा-दोन आठवडे लागणारी युरोपची बातमी आता झटपट येणार, म्हणून न्यूयॉर्ककर हरखून गेले होते. महिनाअखेरीला या तारेवरून वर्तमानपत्रांसाठी बातम्या आल्या. फ्रान्सचा बादशहा पॅरिसला परतला, प्रशियाचा राजा आजारी आहे, चीनचा प्रश्न मिटला. आणि हिंदुस्थान? ग्वाल्हेरच्या बंडवाल्यांचे सैन्य मोडले, देश शांत होत आहे. बस्स, एवढेच!

हे 'मोडलेले सैन्य' म्हणजे तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि झाशीची राणी लक्ष्मीबाई यांचे सैन्य. लक्ष्मीबाई जूनमध्येच ग्वाल्हेरजवळ लढताना धारातीर्थी पडल्या होत्या. तारेत त्यांचे नाव नव्हते, झाशीचेही नव्हते. आणि देश म्हणाल तर शांतही झाला नव्हता. तात्या टोपे त्यानंतर कित्येक महिने इंग्रजी फौजांना रानोमाळ फिरवत राहिले. ते हाती लागले एप्रिल १८५९ मध्ये.

झाशीचा वेढा पडला तेव्हा जगातला सर्वांत नावाजलेला युद्धवार्ताहर हिंदुस्थानातच होता. लंडनच्या 'टाइम्स'चा विल्यम हॉवर्ड रसेल. पण तो होता लखनौला, सर कॉलिन कॅम्पबेलच्या छावणीत. १८५८ च्या मार्चमध्ये लखनौ पडत होते, त्याच सुमारास सर ह्यू रोजची फौज झाशीच्या तटासमोर येऊन ठाकली. तटाच्या आत कुणी वार्ताहर नव्हता. होते ते कोकणातले एक कर्जबाजारी भटजी.

विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे. मथुरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, असे कानावर आले. घरात कर्ज होते. वडिलांची कशीबशी परवानगी मिळवून १८५७ मध्ये ते चुलते रामभट यांच्याबरोबर उत्तरेकडे निघाले. मध्य हिंदुस्थानात पोचतात तोच शिपायांच्या बंडाची वार्ता समोर आली. परतायचे की पुढे जायचे? दोघे पुढे गेले आणि फिरत फिरत झाशीला पोचले.

मार्चअखेर तोफांचा मारा सुरू झाला. तात्या टोपे मदतीला आले, पण १ एप्रिलला बेतवेकाठी त्यांचा पराभव झाला. ३ एप्रिलला इंग्रज शहरात घुसले. दुसऱ्या रात्री लक्ष्मीबाई किल्ल्यातून निसटल्या. मागे राहिली ती रयत. सरकारी कागदांत 'शहर ताब्यात आले' एवढ्या शब्दांत मावणारी ही घटना विष्णुभटांनी घरात लपून भोगली. गल्लीगल्लीत झालेली कत्तल, जळणारी घरे आणि क्रमाक्रमाने चाललेली लूट. आधी सोनेनाणे, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड, शेवटी धान्य. झाशीचा प्रसिद्ध ग्रंथसंग्रह उद्ध्वस्त झाला, त्याचेही दुःख या वेदपाठी माणसाने नोंदवले आहे.

पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी पुन्हा दिसल्या. पुरुषी पोशाख, अंगावर धूळ, जीव तहानेने व्याकुळ. भटजी पाणी शेंदून द्यायला पुढे झाले. पण विद्वान ब्राह्मणाला कष्ट नकोत म्हणून लक्ष्मीबाईंनी स्वतःच पाणी शेंदले. ही गोष्ट कुठल्या तारेत येणार?

बातमी आधी आणि हकिकत मागाहून, हा प्रकार झाशीपुरताच नाही. त्या तारेचे कौतुक करणाऱ्या अमेरिकेनेही तो आधी अनुभवला होता. १८०४ मध्ये लुईस आणि क्लार्क हे दोन लष्करी अधिकारी पश्चिमेकडचा अज्ञात मुलूख धुंडाळायला निघाले. त्या मुलखात १८० मैल लांबीचा मिठाचा डोंगर आहे, असे खुद्द अध्यक्ष जेफर्सन यांच्या अहवालात आले होते आणि विरोधी पत्रांनी त्याची यथेच्छ टिंगल केली होती. पुढे मोहिमेची खबर येईना, तेव्हा सगळे मेले असावेत अशा अफवा उठल्या. २३ सप्टेंबर १८०६ रोजी मंडळी सुखरूप सेंट लुईसला परतली. क्लार्कने केंटकीतल्या भावाला पत्र लिहिले. पण ते वर्तमानपत्रांत छापले जाणार हे ओळखून मसुदा लुईसने करून दिला! ऑक्टोबरमध्ये केंटकीच्या पत्रात ते छापून आले आणि एकाचे पाहून दुसऱ्याने उचलले. रोजनिशीवरून बेतलेले पुस्तक निघाले १८१४ मध्ये. तेही निकोलस बिडल यांनी संस्कार केलेले. झाडे-प्राण्यांची बरीच माहिती त्यात गाळलेली. मूळ रोजनिशी छापून व्हायला १९०४-०५ साल उजाडले.

विष्णुभटांच्या हकिकतीचे नशीब थेट तसेच. कमाई वाटेत लुटली गेली. अडीच-तीन वर्षांनी ते घरी परतले ते खांद्यावर गंगाजलाची कावड घेऊन. बऱ्याच वर्षांनी, १८८० नंतर, चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहाने त्यांनी सारे मोडीत लिहून काढले. पण छापायचे कसे? काळ इंग्रजांचा. पुस्तक निघाले १९०७ मध्ये, विष्णुभटांच्या मृत्यूनंतर. वैद्यांनी त्यात भाषा बदलली, काही मजकूर गाळला, काही भर घातली. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात असलेल्या मूळ बाडावरून महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये आवृत्ती काढली, तेव्हा कुठे भटजींचे स्वतःचे शब्द वाचकांच्या हाती आले.

वैद्यांचे ऋण मोठेच. त्यांनी आग्रह धरला नसता तर ही आठवण विष्णुभटांबरोबरच गेली असती. तरीही 'माझा प्रवास' विकत घेताना किंवा वाचनालयातून आणताना पहिले पान जरूर उलटून पाहावे. आवृत्ती वैद्यांची आहे की पोतदारांची? मूळ बाडावरची मिळाली तर आधी ती वाचावी. तिची भाषा ओबडधोबड वाटेल, वाक्ये लांबच लांब लागतील. पण झाशीच्या तटाआडून आलेला तो आवाज विष्णुभटांचा स्वतःचा आहे.

अटलांटिकची ती तार सप्टेंबरातच बंद पडली. वरसईच्या भटजींचे बाड मात्र अजून बोलते आहे.