शुभवर्तमान आणि श्रोता

मार्गशीर्षात आपल्याकडे गीताजयंती होते आणि त्याच सुमारास ख्रिस्ती बांधवांचा नाताळ येतो. शेजारच्या घरातून फराळाचे ताट येते, आपणही चार गोड शब्द बोलतो आणि शेजारधर्म पार पडतो. परंतु ज्या वार्तेसाठी हा सण आहे ती वार्ता, म्हणजे येशूचे शुभवर्तमान, कानी पडल्यावर माणसांनी काय केले, हा विचार आपल्या मनात क्वचितच येतो. आम्ही वैष्णव आहोत; आमचे दैवत ठरलेले आहे आणि ते विटेवर उभे आहे. तथापि कीर्तनकाराला श्रोत्यांची पारख करावीच लागते, आणि त्या दृष्टीने हा विषय आम्हांस मोलाचा वाटतो.

बायबलातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात एक प्रसंग आहे. पौल नावाचा प्रचारक ग्रीसमधील अथेन्स नगरीत आला. ते नगर पंडितांचे. अरियपगाच्या सभेत तो बोलू लागला तेव्हा सर्वांनी ऐकून घेतले. मेलेला ख्रिस्त पुन्हा उठला, असे त्याने सांगताच मात्र सभा तीन ठिकाणी फुटली. काहींनी थट्टा केली. काही म्हणाले, याविषयी पुन्हा कधी तरी ऐकू. थोड्यांनी विश्वास ठेवला. त्यांत दियनुस्य नावाचा एक सभासद आणि दामारी नावाची एक स्त्री होती. वक्ता एक, वार्ता एक, पण श्रोते तीन प्रकारचे! आमच्या मते या तिघांत सर्वांत दूर राहिला तो थट्टा करणारा नव्हे, तर ‘पुन्हा कधी तरी’ म्हणणारा. थट्टा करणाऱ्याला निदान काही तरी टोचले होते.

आपल्या महाराष्ट्रात ही वार्ता आली तेव्हा काय घडले? प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ती पुष्कळदा राज्यकर्त्यांच्या पाठोपाठ आली, म्हणून तिच्याविषयी संशय उत्पन्न झाला आणि तो निराधार नव्हता. गोमंतकात १५६० मध्ये धर्मन्यायासन बसले आणि ते कायमचे उठण्यास १८१२ साल उजाडले. त्याच गोमंतकात फादर स्टीफन्स यांनी मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले. एकाच भूमीवर एका हाती धाक आणि दुसऱ्या हाती ओवी! धाकाने मिळालेला होकार ही श्रद्धा नव्हे, हे त्या धर्मातील विचारी माणसेही मान्य करतील. ओवी मात्र श्रोत्याला विनविते. त्याच्यावर बळजोरी करीत नाही.

पुढे इंग्रजी अमलात मिशनरी उघड्यावर उपदेश करू लागले. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी त्यांच्यासमोर वादाला बसले. बुवांनी शुभवर्तमान नाकारले आणि वेदोक्त धर्माची बाजू मांडली. त्या वादाचे वृत्तांत पुढे दोन्ही पक्षांकडून छापले गेले. येथे ध्यानी घेण्याजोगी गोष्ट ही की, प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकल्यावाचून त्याचे खंडन करता येत नाही. बुवांचा नकार हा ऐकलेल्या माणसाचा नकार होता, म्हणून आम्ही त्यास मान देतो.

दुसरे उदाहरण नीलकंठशास्त्री गोरे यांचे. काशीत वाढलेले हे कोकणस्थ पंडित. जॉन म्यूर या इंग्रज अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत ग्रंथ १८३९ मध्ये प्रसिद्ध करून हिंदू शास्त्रांवर आक्षेप घेतले. त्यास उत्तर म्हणून तरुण नीलकंठशास्त्र्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ संस्कृतातच लिहिला. खंडन करण्यासाठी म्हणून ते ख्रिस्ती ग्रंथ वाचू लागले आणि १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला! आम्हांस त्यांचा निर्णय मान्य नाही. परंतु त्यांच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवण्यास जागा नाही. बाप्तिस्म्यानंतरही शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही, असे त्यांच्या चरित्रावरून दिसते. यात नवल ते कोणते? मार्काच्या शुभवर्तमानात एका आजारी मुलाचा बाप येशूला आपली श्रद्धा सांगतो आणि त्याच दमात आपल्या अश्रद्धेवर उपायही मागतो. श्रद्धा आणि अश्रद्धा या एकाच हृदयात शेजारणी म्हणून नांदतात, हे सत्य त्या बापाला कळले होते. येशूने त्यास हाकलून दिले नाही. त्याच्या मुलाला बरे केले.

तिसरे उदाहरण घरातले आहे, म्हणून ते अधिक हृदयस्पर्शी आहे. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर आकाशच कोसळले. त्या पतीपासून काही वर्षे दूर राहिल्या. परत आल्या त्याही आपले सोवळे सांभाळीत. नवऱ्याने स्वीकारले म्हणून त्यांनी स्वीकारले नाही आणि नातलगांनी धिक्कारले म्हणून कायमचे धिक्कारलेही नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाला विचारला आणि १९०० मध्ये त्या स्वतःच्या पायांनी त्या वाटेवर गेल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास हे सारे ठाऊक आहे. त्या चार-पाच वर्षांतील त्यांचा नकार आणि नंतरचा होकार, दोन्ही त्यांचे स्वतःचे होते. टिळकांनीही पुढे ख्रिस्ताची कथा अभंगांतून आणि कीर्तनांतूनच मांडली. तुकोबांचे ऋण ते शेवटपर्यंत मानीत.

आता आपल्या घराकडे वळू. आम्ही कीर्तनास उभे राहतो तेव्हा समोर माना डोलत असतात. आख्यान रंगते, बुक्का लागतो, प्रसाद वाटला जातो, आणि दारातून बाहेर पडताच भाऊबंदकीचा तोच दावा, सुनेला तोच टोमणा, नोकराच्या पगाराला तीच कात्री! अथेन्सचे ‘पुन्हा कधी तरी’ म्हणणारे श्रोते आपल्याही मंडपात पहिल्या रांगेत बसतात. परधर्माची वार्ता नाकारली म्हणजे स्वधर्मावर श्रद्धा सिद्ध झाली, असा हिशेब पुष्कळांच्या मनात असतो. तो चुकीचा आहे. नकाराने श्रद्धा सिद्ध होत नाही, आचरणाने होते.

नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान दिले आहे. पौलानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्रात श्रद्धेचा उगम श्रवणातच सांगितला आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायाकडे पाहा. सर्व ज्ञान सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला म्हणतात की, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझी इच्छा असेल तसे कर. आणि शेवटी त्याला विचारतात ते हे की, तू एकाग्र चित्ताने ऐकलेस ना? ‘मानलेस का?’ हा प्रश्न भगवंतांनी विचारला नाही. निर्णय अर्जुनावर सोपविला. ऐकण्याचा जाब मात्र विचारला.

साक्षात भगवंताने जे स्वातंत्र्य शिष्याला दिले, ते आपण घरातील माणसांना नाकारावे काय? आज अनेक घरांत एखादा मुलगा देवपूजेला बसत नाही, एखादी मुलगी दुसऱ्या धर्मातील घरात नांदावयास जाते. त्या क्षणी आईबापांच्या काळजाला घरे पडतात, हे आम्ही जाणतो. परंतु ताट वेगळे मांडून अथवा दार लावून कोणाच्याही अंतरी श्रद्धा उत्पन्न झालेली नाही. त्याला विचारावे की, बाबा, तू नीट ऐकून, विचार करून ठरविलेस ना? आणि त्याचे उत्तर आपणही नीट ऐकावे. ज्याला पटत नाही त्याने तसे सरळ सांगितले, तर तो खोटी मान डोलावणाऱ्यापेक्षा देवाच्या अधिक जवळ आहे, असे आमचे मत आहे.

या नाताळात शेजाऱ्याच्या घरी जाल तेव्हा त्याची कथा मन लावून ऐका. त्याने आपली निष्ठा ढळणार नाही. आणि घरी येऊन आपली पोथी उघडाल तेव्हा तीही तितक्याच सावध चित्ताने ऐका. पांडुरंग सर्वांना ऐकणारे कान देवो.